दादामियाँची पेटी, रजियाबीचे मासे

नळदुर्गात दादामियाँ कल्हईवाल्यांना न ओळखणारा माणूस सापडलाच, तर त्याच्या घरचं वरण पितळेत कळकलेलं आणि पोट बिघडलेलं असणार, एवढं खुशाल समजावं. बाजारातल्या लिंबाखाली त्यांची जागा होती. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसे, बाजूला कातड्याचा भाता. चिमट्यात धरलेलं पातेलं तापलं की ते त्यात चिमूटभर नवसागर टाकत. पांढरा धूर भसकन वर येई, बघ्यांना ठसका लागे, आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसलं की काळंकुट्ट पातेलं आतून चांदीचं होऊन जाई. दादामियाँ मग ते पातेलं उन्हात फिरवून मालकिणीला दाखवत. जणू काही पातेलं तिच्या माहेरचं नसून त्यांनीच आत्ता जन्माला घातलं होतं.

वाकड्या गोष्टी सरळ करायच्या आणि फुटक्या गोष्टी सांधायच्या, एवढंच त्यांना आयुष्यात ठाऊक होतं. दुसऱ्याच्या अंगणातली खिळखिळी खाट दिसली तरी त्यांचे हात शिवशिवत. "हात फिरे तिथं लक्ष्मी शिरे" ही म्हण त्यांनी कुठं ऐकली होती कोण जाणे, पण ती आपल्यासाठीच केलेली आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. ते ती दिवसातून एकदा तरी म्हणायचेच.

आणि त्या हातांचा संसार जोरात चालू असताना लढाई आली. लढाई कुठं तर समुद्रापलीकडं. पण मलाया जपान्यांच्या हातात गेला, तिकडून येणारं कथील बंद झालं, आणि इकडं नळदुर्गातली पातेली कळकायला लागली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं आपण म्हणतो. त्या सालात सोनुबाईला कथलाचा वाळाही कुणी दिला नसता. दादामियाँ मग कंदिलाला डाग दे, बादलीचं बूड सांध, तेलाच्या डब्याला तोटी बसव, अशा कामांवर आले. डाग धरायलाही नवसागर लागतोच, त्यामुळं धूर आणि ठसका चालू राहिला. पण दिवसाचा अर्धा वेळ रिकामा जाऊ लागला.

त्याच सालात त्यांची एकुलती एक लेक अन्वरी लग्न होऊन सास्तूरला गेली. जावई मुनवर आठवडी बाजारात कापड विकायचा, पोरगा निर्व्यसनी, सासू गोड. तक्रारीला जागाच नव्हती. पण दादामियाँची बायको रजियाबी गप्प झाली. आधी मायलेकींचं बोलणं पहाटेच्या चुलीपासून सुरू व्हायचं ते झोप लागेपर्यंत, आणि दादामियाँना वाटायचं, अल्ला, घडीभर तरी ह्या दोघींना गप्प कर. आता अल्लानं ऐकलं होतं आणि दादामियाँ पस्तावले होते. काही विचारलं की "हौ" नाहीतर "नक्को". भाकरी ताटात पडायची, कालवण वाढलं जायचं, पण रजियाबीची नजर दाराकडं. घर खायला उठलं होतं. आणि ह्या फुटीला कुठला डाग द्यावा हे काही त्यांना कळेना.

एकदा एका बड्या अंमलदाराच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. भांडी नव्हती, काचेची एक मोठी पेटी गळत होती. पेटीत पाणी, पाण्यात हिरवं गवत, आणि त्यात पंख्यासारख्या शेपट्यांचे लाल मासे. दादामियाँनी सांधा धरला, पण त्यांचं लक्ष पेटीपुढं बसलेल्या बेगमसाहेबांकडं होतं. बाई वयस्कर होत्या, घरात त्या एकट्याच, आणि मासा काचेशी आला की लहान मुलीसारख्या खुदकन हसायच्या. दादामियाँ घरी आले ते ठरवूनच. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. हा तर रिकामा कल्हईवाला.

हलवायाच्या दुकानातलं जुनं काचेचं कपाट मोडलं होतं, त्याच्या काचा त्यांनी आणल्या. रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून चौकट केली, डाग दिले, राळ आणि मेण वितळवून सांधे बुजवले. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा ओसरीत तळं झालं. दुसऱ्यांदा थेंब थेंब. तिसऱ्यांदा पेटी अशी बसली की तिच्या पत्र्यावर घाम म्हणून दिसला नाही. ती त्यांनी आतल्या खोलीत खिडकीजवळच्या घडवंचीवर ठेवली, तिथं उजेड येई पण ऊन येत नसे. बोरी नदीची वाळू आणून ती स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुतली आणि तळाशी पसरली.

रजियाबी चुलीपासून बघत होती. "ह्याच्यात काय ठेवनार? जिलब्या?"

त्या सालातलं तिचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. दादामियाँना हुरूप आला.

मासे आणायचं काम शेजारच्या सिताबाईला सांगितलं. सिताबाई धनगराची, तिची मेंढरं रोज बोरीवर पाण्याला जात. तिला आधी पटेचना.

"खायाला का वो, भाई?"

"न्हाय. बघायला."

"बघायला? मासं?" सिताबाईनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघायचंच बाकी ठेवलं. "भाबीला इचारलं का?"

पण ती गेली. किल्ल्याच्या बुरुजाखाली पाणी संथ असतं तिथं तिनं आणि सोबतच्या एका बाईनं लुगड्याचा पदर पाण्यात धरला, आणि मडक्यात घालून बोटाच्या पेराएवढे मासे आणले. अंगावर निळ्या-सोनेरी रेघा, अंग असं काचेसारखं की पलीकडचं दिसावं. सिताबाईनं सोबत नदीतलं लांब पातीचं गवतही उपटून आणलं होतं. "त्यांला बी घर पायजे की," ती म्हणाली, आणि गल्लीभर सांगून आली की दादाभाईनं मासं पाळल्यात, बगा, आता इंचू बी पाळतील.

पहिल्या दिवशी रजियाबी पेटीकडं न बघण्याचं नाटक करत होती. पीठ मळताना तिची पाठ मुद्दाम तिकडं. पण दिवेलागणीला दादामियाँ घरी आले तर ती घडवंचीपुढं उकिडवी बसलेली, आणि भाजी लागलेली.

"तो बघा," ती म्हणाली, "तो शेपटी वाकडी असलेला. दिसभर ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. प्रत्येकाच्या जवळ जातो, चौकशी करतो, पुढं. गिरदावर हाय नुसता." गिरदावर म्हणजे निजामाच्या मुलखात शेतं तपासत गावोगाव हिंडणारा सरकारी माणूस. "अन् ती गवताच्या आड लपलेली. ती दुल्हन."

त्या दिवशीची करपलेली भाजी दादामियाँनी दोनदा मागून घेतली.

आता गंमत अशी की मासे पाळणं हे पातेल्याला कल्हई करण्यासारखं नसतं. पातेलं एकदा चकाकलं की काही महिने निवांत. मासा रोज जगवावा लागतो. आठवडा झाला नाही तोच मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडमीट करू लागले. रेघा फिकट झाल्या, पर अंगाला चिकटले. दादामियाँनी तातडीनं सगळं पाणी उपसलं, वाळू पुन्हा धुतली, काचा हातानं आतून चोळूनचोळून पुसल्या, गवताची मुळं एक एक करून वाळूत दाबली. सकाळी मासे उलटे तरंगत होते. रजियाबीनं ते उचलून मोरीकडच्या पुदिन्यात पुरले आणि दिवसभर "हौ" आणि "नक्को."

दुसरी खेप आली, तीही गेली. मग गल्लीतलं प्रत्येक तोंड वैद्य झालं. सिताबाई म्हणाली, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरून टाका. कुणी म्हणालं, आडाचं पाणी मचूळ, नदीचं आणा. कुणी म्हणालं, उपाशी मारता, म्हणून कणकेचे गोळे टाकले. ते तळाशी कुजले आणि पाण्याला वास मारू लागला. दादामियाँनी सगळं ऐकलं आणि सगळं केलं. तिसऱ्या खेपेपर्यंत त्या दोघांना बरंचसं कळलंही होतं. खायला कमी द्यायचं, घासभर जास्त झालं तर तेच विष. रांजणात डासांच्या अळ्या वळवळतात त्या फडक्यानं गाळून टाकल्या की मासे तुटून पडतात. पाणी सगळं कधीच बदलायचं नाही. थोडं काढायचं, आणि मातीच्या मडक्यात मुरलेलं थोडं घालायचं, म्हणजे गारगरम सारखं होतं. पेटीत गर्दी करायची नाही. हे सगळं बरोबर होतं, आणि तरीही मासे मरत होते.

मध्ये दादामियाँ तट्टावर भाता लादून माकणीकडच्या खेड्यांत फिरतीला गेले. परत आले तर पेटीत सिताबाईनं आणलेल्या माशांचं नवं राज्य होतं. रेघा निळ्याशार, मासे चपळ, ह्याही खेपेत वाकड्या शेपटीचा एक निघाला होता आणि त्यालाच गिरदावरची जागा मिळाली होती, आणि गवताआड लपणारीला दुल्हनची. दादामियाँचा जीव सुपाएवढा झाला. हातपाय धुतले न धुतले, त्यांनी बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात पेटीत घालून, आठ दिवसांची सगळी माया एकदम केली. गवत नीट लावलं, वाळू सारखी केली, काचेवरचं शेवाळ नखानं खरवडलं.

अति तिथं माती म्हणतात ते खोटं नाही. दोन दिवसांत पेटी पुन्हा निम्मी झाली.

ह्या वेळी रजियाबी रडली. गेलेल्या लेकीसाठी ती रडली नव्हती, पदराला डोळे लावले होते फक्त. आता बोटाएवढ्या माशांसाठी ती हमसून हमसून रडली, आणि दादामियाँ भांबावून समोर उभे राहिले.

"ऐका," ती शेवटी म्हणाली. "हे उरलेत ते उरलेत. हे गेले तर पेटी हलवायाला परत द्यायची. मला रोज मय्यत नको घरात."

दादामियाँनी मान हलवली. पेटी गेली तर पुन्हा ते "हौ" आणि "नक्को" येणार, हे त्यांना दिसत होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती. खरंच भीती. लांडगा दिसल्यावर वाटते तसली नाही; म्हातारपण दिसल्यावर वाटते तसली.

मग एके दिवशी ते बाजारातून आले, सवयीनं पेटीकडं गेले आणि एक कुजकी पात काढायला हात आत घातला. रजियाबी भाकरी थापत होती. तिनं बघितलं की हात पाण्यात गेला तसे मासे पलीकडच्या कोपऱ्यात पळाले. त्यात नवल नव्हतं, मासे पळतातच. पण ती स्वतः हात घालायची तेव्हा ते क्षणात परत येऊन तिच्या बोटांना टोचायचे. आता ते परत आले नाहीत. कोपऱ्यातच वरवर सरकत गेले, तोंड पाण्याबाहेर काढू लागले.

रजियाबी पिठाच्या हातांनी उठली. तिनं नवऱ्याचा हात पाण्यातून बाहेर ओढला आणि नाकाशी नेला.

"अगे, काय करतीस?"

"हात धुतले?"

"धुतले की. राखेनं धुतले."

तिनं पुन्हा वास घेतला. मग ती मोरीकडं गेली. मोरीच्या कडेला तिचा पुदिना होता. एका अंगाला गर्द, आणि एका अंगाला कायम जळका. खत घातलं, माती बदलली, त्या अंगाला तो कधी धरलाच नाही. त्याच अंगाला, रोज संध्याकाळी, दादामियाँ हात धुवायचे.

"अजी," ती परत येऊन हळूच म्हणाली, "नवसागर हाय. तुमच्या हातात."

त्यांनी हात उलटसुलट करून बघितले.

"भेगांमधी बसलाय, नखांमधी, बाहीला. तुम्ही गावाला गेला की मासे बरे असतात. तुम्ही आला की मरतात. तुम्ही जितका जीव लावला, तितके मेले."

ह्यापेक्षा तिनं चिमटा तापवून पाठीत घातला असता तर बरं झालं असतं. दादामियाँ आधी हसले, मग चिडले. माझ्या हातानं? ज्या हातानं अख्ख्या तालुक्याच्या अन्नातलं विष घालवलं, त्या हातानं? बाजारात जाऊन विचार! रजियाबीनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा परातीपाशी बसली. "बाजारात मासे न्हाय पाळलेले," ती म्हणाली. "आजपासून पेटीला तुमचा हात लागायचा न्हाय."

आपल्या घरात, आपण केलेल्या पेटीला, हात लावायचा नाही! दादामियाँ रुसले. आठवडाभर ते ओसरीवर जेवले. आत पेटीचं सगळं रजियाबी बघत होती; वाटीनं पाणी काढायची, वाटीनं घालायची, कुजकी पात चिमटीनं काढायची. मासे खुशाल होते. ते खुशाल होते हेच दादामियाँना सोसवत नव्हतं. एखादा मेला असता तर त्यांनी तोंडानं दुःख केलं असतं आणि मनात सुस्कारा सोडला असता, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक होतं.

म्हणून एका दुपारी, रजियाबी सिताबाईकडं बारशाला गेली असताना, त्यांनी राखेनं हात धुतले, मग साबणानं धुतले, मग लिंबू चोळलं, आणि जाऊन पेटीत हात घातला. नुसता. काही करायचं नव्हतं. गवताची एक पात उगीच इकडची तिकडं केली. पाण्याचा गारवा कोपरापर्यंत चढला आणि त्यांना फार बरं वाटलं. गिरदावर आला, मनगटाजवळून एक चक्कर मारून गेला. "बघ," दादामियाँ त्याला म्हणाले, "तुझी मालकीण खुळी हाय."

दुसऱ्या दिवशी दुल्हन गेली. गिरदावर पाण्याच्या वर येऊन एका कुशीवर कलला होता.

रजियाबी पेटीपुढं बसली. तिनं मडक्यातलं मुरलेलं पाणी घेतलं, थोडं काढलं, थोडं घातलं. दुपारी पुन्हा तसंच, संध्याकाळी पुन्हा तसंच. दादामियाँ दारात उभे होते.

"म्याच," ते म्हणाले.

"माहीत हाय."

"लई धुतले होते गे. लिंबू बी लावलं."

"माहीत हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

गिरदावर वाचला. सकाळी तो तळाशी उतरून, जरा लंगडत का होईना, चौकशीला निघाला होता. पण दादामियाँच्या मनात काहीतरी बसलं ते बसलं. त्यांनी पेटीचं नाव सोडलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर बसून ते लांबूनच मासे बघत. पुदिन्याला हात लावेनासे झाले. रजियाबीनं परात पुढं सरकवली की आधी एकाच परातीत दोघं जेवायची. आता ते आपली भाकरी वेगळी मागून घेत. "काय झालं?" असं तिनं विचारलं की म्हणत, "काय न्हाय, असंच." "हात फिरे" ही म्हण तर त्यांच्या तोंडातून पुन्हा कधी निघाली नाही. बाजारात लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, पण काय चुकतंय हे कुणाला कळलं नाही.

बाकी घर मात्र बहरलं. हे खोटं कशाला सांगा. रजियाबीचं बोलणं परत आलं, आणि व्याजासकट आलं. गल्लीतल्या बायका मासे बघायला येत, आणि ती पदर खोचून त्यांना समजावून सांगत बसे: खायला किती घालायचं, पाणी कसं मुरवायचं, मासा एका जागी थरथरला तर काय समजायचं. सिताबाई, जिनं पहिल्यांदा खुळ्यात काढलं होतं, तीच आता पाहुण्यांना घेऊन यायची आणि "आमचं मासं" म्हणायची. पुढं एका सकाळी गवताच्या मुळाशी डोळ्यांचे दोन ठिपके हलताना दिसले. नुसते डोळे, अंग दिसतच नव्हतं. पिल्लू! रजियाबीनं दादामियाँना हाका मारल्या. ते खाटेवरून उठले, चार पावलांवर थांबले आणि मान लांब करून बघितलं. त्यांचा चेहरा फुलला. पण पाऊल पुढं पडलं नाही. पेटीतलं सुख त्यांचंही होतं, फक्त ते लांबून घ्यायचं, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं, आणि बहुतेक दिवस त्यांना ते पुरतही होतं.

आणि मग अन्वरी बाळंतपणाला आली.

पहिली खेप माहेरी, ही रीतच. सास्तूरहून गाडीत गादी घालून मुनवर तिला सोडून गेला. मायलेकींची तोंडं पुन्हा पहाटेपासून सुरू झाली. अन्वरी पेटीपुढं पाय पसरून बसे आणि म्हणे, "अम्मा, माझ्या जागेवर तू मासे आणले व्हय?" आणि दोघी हसत सुटत. दादामियाँ ओसरीवर बसून ऐकत. आता त्यांना कुणी गप्प बसावंसं वाटत नव्हतं.

एका सकाळी अन्वरीला कळा लागल्या. अक्कलकोटाकडची कानडी सुईण शिवम्मा आली, पाणी तापलं, दार लागलं. दादामियाँ अंगणात येरझारा घालत होते. उन्हं छपरावर चढली तेव्हा आतून रडणं ऐकू आलं, बारीक पण ठणठणीत. थोड्या वेळानं शिवम्मा पांढऱ्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन उंबऱ्यावर आली.

"मुलगी आहे, दादामियाँ. घ्या. कानात अजान द्या."

मुसलमानाच्या घरात जन्मलेल्या लेकराच्या कानात पहिली पडते ती अजान, आणि ती द्यायचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. अन्वरीच्या कानात दादामियाँच्या वडिलांनी दिली होती. दादामियाँनी हात पुढं केले. मग त्यांची नजर त्या हातांवर गेली. काळ्या भेगा, भाजलेली बोटं, नखांच्या कडांना बसलेला करडा थर. आणि फडक्यात ते इवलंसं तोंड, पातळ, लाल, कातडीखालची निळी शीर दिसावी असं. ते दोन पावलं मागं सरले आणि हात पाठीमागं घेतले.

"मौलवीसाहेबांना बोलवा," ते म्हणाले. "मी न्हाय."

शिवम्माला काही कळेना. तिनं पुन्हा बाळ पुढं केलं. ते पुन्हा मागं सरले. आत खाटेवर अन्वरीनं ऐकलं. तिनं कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं.

"मुलगी झाली म्हणून," ती आईला म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "अब्बांना मुलगा पायजे होता. त्यांनी कधी बोलून न्हाय दाखवलं, पण..."

रजियाबी तापलीच. नवऱ्याला तिनं आजवर पुष्कळ बोलून घेतलं होतं, पण ही गोष्ट निराळी होती. लेक आत्ता कुठं मरणाच्या दारातून परत आलेली आणि हा माणूस बाहेर तिचं काळीज मोडतोय! ती पदर सावरत उंबऱ्यावर आली, तोंडात शब्द तयार होते, चांगले झणझणीत दखनी शब्द. आणि तिनं दादामियाँना बघितलं. ते अंगणाच्या मधोमध उभे होते, हात पाठीमागं लपवलेले, डोळे भरलेले, आणि नजर बाळावरून हलत नव्हती.

एकदम तिला सगळं दिसलं: वेगळी मागितलेली भाकरी, पुदिना, खोलीच्या दुसऱ्या टोकाची खाट. इतके दिवस ती मासे बघत होती. माशांवरून नजर हलवली असती तर आधीच दिसलं असतं.

"इकडं या," ती म्हणाली.

"रजिया, माझा हात लागला तर..."

"ही काय मासा हाय?"

त्यांनी हात आणखी मागं दडवले.

"अन्वरीला कुणी खेळवलं?" रजियाबी आता मोठ्यानं बोलत होती, आत ऐकू जावं म्हणून. "मी बाळंतरोगानं पडले होते तेव्हा कुणी आंघोळ घातली तिला? कुणी दूध पाजलं वाटीनं? भाता सोडून यायचे अन् तसल्याच हातानं उचलायचे तिला. मेली का ती? घोडीएवढी झाली, आता तिला लेकरू झालं. माशाचं पाणीच घर, त्यात जे पडतं ते त्याच्या नाकातोंडात जातं, म्हणून मी तुम्हाला पेटीला नको म्हणाले. लेकीला नको म्हणाले होते का कधी? नातीला म्हणाले का?"

आतून अन्वरीचा आवाज आला, रडका आणि हसरा दोन्ही. "अब्बा, माशांमुळं व्हय? म्या काय काय समजले!"

शिवम्मानं गरम पाणी ओतलं. दादामियाँनी हात धुतले. राखेनं, साबणानं, इतका वेळ की शिवम्मा कानडीत काहीतरी पुटपुटली. मग रजियाबीनं त्यांचे हात स्वतःच्या पदरानं पुसले आणि बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं.

बाळ शिंकलं.

दादामियाँ दचकले आणि त्यांनी घाईघाईनं ते परत पुढं केलं. रजियाबीनं घेतलं नाही. शिवम्मानंही नाही. बाळानं एकदा तोंड वाकडं केलं, एक मूठ फडक्याबाहेर काढली आणि तिच्यात सापडला तो काळा, भाजलेला अंगठा घट्ट धरून ते झोपी गेलं. दादामियाँनी अंगठा सोडवायचा प्रयत्न केला नाही. ते किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेला, वळले, वाकून बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, मध्येमध्ये आवाज फुटत, अजान म्हणायला लागले. आत अन्वरी ऐकत होती.